एकाच हाताखालची दोघं

माझा धाकटा भाऊ सौमानी बोटीतून उतरला, तेव्हा त्याच्या गळ्यात घालायचा हार मोनेनं स्वतः ओवला होता.

सौमानीची बायको एपेनेसा बाळंतपणात गेली. तिची जुळी मुलं माझ्या ओटीत टाकून तो न्यूझीलंडला मांसाच्या कारखान्यात कामाला गेला, तेव्हा पोरं नुकती रांगायला लागली होती. आता त्यांना मिसरूड फुटत होतं. म्हणजे तिमोला. मोने आपलं उपटून टाकायची.

आमच्या सामोअन बोलीत तो आणि ती यांना एकच शब्द आहे. इथे सांगताना निवडावं लागतं, म्हणून मी मोनेला ती म्हणते. बायकांच्या रीतीनं राहणाऱ्या मुलाला आमच्याकडे फाफाफिने म्हणतात. बहुतेक कुटुंबांत असं एखादं असतं आणि कुणी त्याची चौकशी करत बसत नाही.

धक्क्यावर सौमानीनं तिमोला कडकडून मिठी मारली. मग हार घेऊन उभ्या असलेल्या मोनेकडे पाहिलं. तोच चेहरा, तेच कान, हनुवटीवर तीच खळी. पण कानामागे जास्वंद, आणि कमरेला गुंडाळायची लावालावा बायकांसारखी बाजूला खोचलेली.

"ही कोण?" त्यानं मला विचारलं.

"मोने. दुसरं कोण असणार?"

"ताई, चेष्टा करू नकोस."

"बाबा, मान वाकवा की," मोने म्हणाली. "हात भरून आले माझे."

त्यानं मान वाकवली, पण डोळे माझ्यावरच होते. घरातली वस्तू नाहीशी झाल्यावर मालक मोलकरणीकडे बघतो, तशी ती नजर होती. मी त्याला कधी कळवलं नव्हतं, हे खरं. पण काय कळवायचं? तिमो डावखुरा आहे, हेही मी कधी कळवलं नव्हतं.

सौमानी आला होता तो घराण्याच्या पदवीसाठी. आमचे चुलते वारले होते आणि त्यांच्या जागी कुटुंबाचा प्रमुख निवडायचा होता. त्याचं नाव पुढे होतं. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ, आणि तो ओसरीच्या खांबाला टेकून बसलेला. बोलायचा पाहुण्यांशी, बघायचा माझ्याकडे. मी मोनेला हाक मारली की त्याचे कान टवकारत. मी तिच्या केसांना तेल लावायला घेतलं की तो उठून बाहेर जाई आणि थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं डोकावे.

आमची घरं चारी बाजूंनी उघडी. त्यात कुणावर पाळत ठेवायला कष्ट पडत नाहीत.

मग त्यानं गावात विचारणा सुरू केली. आधी सुईणीकडे गेला. जन्मतः दोघांत काही फरक होता का? ती म्हणाली, "फरक एवढाच, की एक आधी रडलं. कुठलं, ते आता आठवत नाही." मग पाद्र्यांकडे. मग विणायला बसणाऱ्या बायकांकडे. सगळ्यांना एकच प्रश्न: फुआतिनो या पोराला लहानपणापासून काय शिकवत होती?

फुआतिनो म्हणजे मी.

एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं मलाच गाठलं. माझा नवरा मालाकी तारोची सालं डुकरांना घालत होता.

"ताई, तुला मुलगी नाही."

"मूलच नाही. हे तुला आज कळलं?"

"झाडलोट, चटया विणणं, तुझे पाय दाबणं. मुलगी नव्हती म्हणून तू माझ्या मुलाला बसवलंस."

"दोघांनाही बसवलं. घरात मुलगी नसली की मुलांनीच केवड्याची पानं सोलायची. पहाटे दोघं अंगण झाडायची, संध्याकाळी दोघं माझ्यापुढे विणायला बसायची. एक टोक याच्याकडे, एक टोक तिच्याकडे."

"मग तिमो असा कसा आणि हा तसा कसा?"

"मला काय ठाऊक?"

"तुला ठाऊक नाही, तर कुणाला?"

मालाकी लांबून म्हणाला, "मेव्हणे, डुकरांना विचारून बघा. ती पण याच घरात वाढलीत."

सौमानी हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं फर्मान काढलं. कामानं बिघडलं असेल तर कामानंच सुधारेल. मोनेनं मालाकीबरोबर मळ्यात जायचं, खणायचं, ओझी वाहायची, पुरुषांच्या मागे पुरुषांसारखं चालायचं. तिमोनं मोनेच्या जागी घरी विणायला बसायचं. शिक्षा म्हणून नव्हे, ताडून बघायला.

महिनाभर हे चाललं. तिमोचा पहिल्या दिवशी पारा चढला होता, पण बोटं विसरली नव्हती. त्याची वीण मोनेपेक्षा घट्ट आणि सरळ. लहानपणापासूनच तशी होती. शेजारची लुसिया बघून म्हणाली, "अगं बाई, याचं लग्न लवकर करा, बायकोला आयती चटई." तिमो लाजला आणि आणखी भराभर विणायला लागला. आणि मोने? मोने खांद्यावरच्या काठीला दोन्हीकडे तारोच्या भरलेल्या टोपल्या अडकवून मळ्यातून उतरायची. तिमोला जमायचं नाही एवढं ओझं. कपाळावर घामाच्या धारा, कानामागे फूल, आणि वाटेत भेटेल त्याला टोमणा. सौमानी तिच्या मागोमाग चालत ओरडायचा, "पाय सरळ टाक! कंबर हलवू नकोस!" ती चार पावलं सरळ टाकायची. पाचवं तिच्या मनासारखं पडायचं.

कामाचा प्रयोग फसला, तसं त्यानं रक्ताकडे मोर्चा वळवला. एपेनेसाचा एक मामा तसाच होता, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणजे खोट तिकडची, असं त्याच्या मनानं घेतलं. तो दोघांना घेऊन बोटीनं राजधानीला, आपियाच्या एका दवाखान्यात गेला. मला बरोबर नेलं, बहुधा डोळ्यासमोर ठेवायला. तरुण सामोअन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दोघांना तपासलं, रक्त काढून न्यूझीलंडला पाठवलं. निकाल आल्यावर आम्हाला पुन्हा बोलावलं.

"दोघंही ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "एका बीजाची जुळी. रक्तात काही उणंअधिक नाही."

"मग याचा आजार?"

"आजार नाहीच आहे."

"एकच रक्त, तर एकच माणूस हवा. हा असा का झाला?"

"ते मला या सुईनं काढता येत नाही, काका. पोटात असताना दोघांना सगळं अगदी सारखंच मिळतं असं नाही. बाहेर आल्यावरही नाही. कुठलं किती, ते कुणालाच सांगता येत नाही."

मोने खुर्चीत पुढे सरकली. ती म्हणाली, "डॉक्टर, याचं पण सांगा ना. तिमो पुरुष कसा झाला? तो कुणी तपासलाच नाही."

तिमो खुर्चीत खुसुखुसू हसायला लागला. डॉक्टरीणबाईंनी खाली कागदात तोंड घातलं. सौमानीचा चेहरा काळवंडला. "तो जसा व्हायला हवा तसा झाला," तो म्हणाला आणि उठला.

मला वाटलं, आता तरी हे थांबेल. पण बोटीवर तो माझ्यापासून लांब बसला, आणि त्याचं गणित मला त्याच्या पाठीवरून कळलं. रक्त एकच. मग फरक आला तो हातातून. आणि हात माझे.

संशयाला पाय फुटतात. महिनाभर तो दारोदार जो प्रश्न विचारत फिरला, तो आता त्याच्याशिवायही फिरायला लागला. विणायला बसलं की माझ्या बाजूची चटई रिकामी राहू लागली. लुसिया आपल्या धाकट्याला माझ्याकडे सोडून मळ्यात जायची, ती त्याला पाठीशी बांधून न्यायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला खोकला आहे." मूल खडखडीत होतं. आमच्या गावात फाफाफिनेचं कधी कुणाला वावडं नव्हतं. गाण्याच्या मंडळात, शाळेत, लग्नाच्या स्वयंपाकात, सगळीकडे त्यांच्यावाचून अडायचं. ते देवाघरून येतात असंच सगळे धरून चालले होते. कुणीतरी ते बनवतं, ही कल्पना माझ्या भावानं परदेशातून आणली आणि माझ्या अंगणात सोडली.

वाईट हे की मीही स्वतःकडे तशीच बघायला लागले. लहानपणी गोवर निघाला तेव्हा मोने फार दिवस आजारी होती. तिमो लवकर बरा झाला आणि मालाकीबरोबर समुद्रावर जायला लागला. मोने माझ्या कुशीत. मी तिचे केस विंचरायचे, तिला "माझी बाहुली" म्हणायचे. तेव्हा झालं का? पण त्याच्याही आधी ती माझी लावालावा डोक्यावरून घेऊन अंगणभर मिरवायची, हेही आठवतं. की ते गोवरानंतर? आधी कुठलं, नंतर कुठलं, ते काही केल्या जुळेना. जितकं आठवायला जावं तितकं सरमिसळ व्हायला लागलं. मोनेच्या केसांना हात लावायचीही मला भीती वाटायला लागली. तिनं तेलाची बाटली पुढे केली की मी म्हणे, "आज हात दुखतोय." ती एकदा माझ्याकडे बघत राहिली आणि बाटली उचलून निघून गेली.

घराण्याची बैठक भरली. सगळे वडीलधारे गोल बसलेले. कुणीतरी सहज म्हणालं, "सौमानी, पोरं छान वाढवलीत हो ताईनं."

सौमानी म्हणाला, "दोन मुलगे सोपवले होते. एकच परत मिळाला. दुसऱ्याची तिनं बाई केली."

बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, अशी आमच्याकडे म्हण आहे. बहिणीला भरल्या बैठकीत असं बोलणं म्हणजे आपल्या हातानं आपला डोळा फोडणं. बहिणीचा शाप भावाच्या लेकरांना लागतो म्हणतात. मला शाप द्यायची गरज वाटली नाही. लेकरं माझीच होती. मी उठले आणि घरी आले.

त्यानंतर तो एकदम गोड बोलायला लागला, आणि मला तेच खटकलं. मोनेला नवी चप्पल आणली. तिमोला "दमलास का" विचारलं. पासपोर्ट काढून ठेवू, नाताळात दोघांना ऑकलंड दाखवतो म्हणाला. एका सकाळी म्हणाला, "मोनेची दाढ दुखते, त्याला उद्या आपियाला नेऊन दाखवतो." मोनेची दाढ खरंच दुखत होती. म्हणून मी काही बोलू शकले नाही.

दुपारी तिमो धापा टाकत आला. पाद्र्यांच्या घराबाहेर तो गवत कापत होता. फोन तेवढ्याच घरात होता.

"आत्या, बाबा ऑकलंडला कुणाशी तरी बोलत होते. म्हणाले, एकदा विमानात बसवला की तुमच्या ताब्यात. म्हणाले, पूर्ण सरळ झाल्याशिवाय परत पाठवू नका."

"नीट ऐकलंस?"

"खिडकीखालीच होतो. अशी मुलं सरळ करणारी कुठली तरी जागा आहे म्हणे."

मी हातातली नारळाची किसणी बाजूला ठेवली. सौमानीला विचारलं असतं तर तो दाढच म्हणाला असता. वडील तो, पासपोर्ट त्याच्या पेटीत. मोनेला सांगितलं तर ती आधी हसली, मग एकदम बसली. "तिथे माझं नाव काय ठेवतील?" तिनं विचारलं. "इथे लोकांना माहिती आहे मी कोण ते. तिथे मी कोण?"

तिमो म्हणाला, "तू जायचंच नाहीस. मी जातो तुझ्याऐवजी. धक्क्यापर्यंत जाईन, बोट सुटायच्या आत परत येईन. तोवर तू मालाकीकाकांबरोबर होडीतून पलीकडच्या गावात जा."

"आणि बाबांना कळणार नाही?" मोने म्हणाली.

"चेहरा तर तोच आहे. बाकीचं मी जन्मभर शेजारी बसून पाहिलंय. चहाचा कप कसा धरतेस तेसुद्धा येतं मला."

मला पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. सकाळी मोने होडीतून गेली. मी तिमोचं मिसरूड काढलं, लावालावा बाजूला खोचून दिली, कानामागे फूल लावलं. आरशात बघितलं तर मोनेच. माझासुद्धा क्षणभर गोंधळ झाला.

बस रस्त्याच्या कडेला उभी होती. आत बायका बाजाराला निघालेल्या. सौमानी दाराशी पिशवी घेऊन उभा होता. तिमो फणसाच्या झाडाखालून निघाला. मान तिरकी, मनगट सैल, ओठांवर मोनेचं हसू. "चला ना बाबा, बस निघेल की!"

बसमध्ये एकदम हशा पिकला. कुणालाही पहिल्या नजरेत कळलं असतं. चेहरा मोनेचा होता, पण चाल उसनी होती. लग्नात दुसऱ्याचा कोट घालून आल्यासारखी खांद्यावर बसत नव्हती, कमरेवर बसत नव्हती.

"तिमो?" सौमानी म्हणाला.

"मी मोने."

सौमानीनं पिशवी खाली ठेवली. "परत जा त्या झाडापर्यंत. आणि चालत ये."

तिमो गेला आणि आला. बायका आणखी हसल्या.

"पुन्हा."

या खेपेला तिमोचे पाय एकमेकांत अडकले. घाम आला. हसणं विरत गेलं. लुसिया खिडकीतून म्हणाली, "अहो, पुरे करा. पोराचा तमाशा करू नका."

पण सौमानीला राग आलेला नव्हता. तो डोळे बारीक करून बघत होता. "तू याच्या शेजारी झोपलास," तो हळू म्हणाला. "एका ताटात जेवलास. एका हाताखाली वाढलास. तुला जमत नाही?"

"नाही जमत," तिमो म्हणाला. कानामागचं फूल काढून त्यानं मुठीत धरलं. रडवेला झाला होता. "काल वाटलं होतं जमेल. तुम्ही तिला महिनाभर माझी चाल शिकवलीत ना? तिला जमली?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सौमानी चढला नाही. बस गेली. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिला. मी फणसाच्या झाडामागून पुढे आले आणि विचारलं, "दाढेचं काय?"

त्यानं वर पाहिलं नाही. "तुला कळलं होतं तर."

"पोटच्या पोराला फसवून नेत होतास."

"मला भीती वाटते, ताई," तो म्हणाला. "कारखान्यात आमच्यात एक असा होता. आपल्याच गावांकडचा. त्याला रोज काय ऐकावं लागायचं, ते मी पाहिलंय. मी पण हसायचो. हसलो नसतो तर माझ्यावर आले असते."

हेही खरं की खोटं, मला कळत नव्हतं.

दोन दिवसांनी उजाडताना मालाकीनं मला हाक मारली. अंगणात सौमानी मांडी घालून बसला होता, डोक्यावरून एपेनेसाची बारीक विणीची लग्नातली चटई पांघरून. मोठा अपराध झाला की आमच्याकडे असं बसतात. ज्याचा अपराध केला, त्यानं चटई उचलेपर्यंत उठायचं नाही.

मी आत जाऊन चहा ठेवला.

"ऊन चढतंय," मालाकी म्हणाला.

"चढू दे. पुढच्या आठवड्यात पदवी ठरायची आहे. लोकांनी बघावं म्हणून बसला असेल."

"असेलही. पण घामाला ते कळत नाही."

तोवर मोने होडीतून परत आलेली होती. ती अंगणात गेली, चटईजवळ उकिडवी बसली आणि एक कोपरा उचलून आत वाकली.

"बाबा, आत उकडतंय का?"

"फार."

"आत्यासाठी बसलात की माझ्यासाठी?"

"ताईसाठी. तुझ्यासाठी कसं बसायचं, ते मला ठाऊक नाही."

"मग बसा," मोने म्हणाली, आणि कोपरा परत सोडला. पण ती तिथून हलली नाही. त्याच्या शेजारीच उन्हात बसली. मला ते बघवेना. मी बाहेर आले आणि चटई उचलली. तिच्यासाठी उचलली की त्याच्यासाठी, हे मला कुणी विचारलं नाही, ते बरं झालं.

पदवी चुलत भावाला मिळाली. बैठकीतलं ते बोलणं वडीलधाऱ्यांनी मनात धरलं होतं. सौमानी परत गेला. वर्षभरानं तिमोला कारखान्यात लावून घेतलं. मोने इथेच आहे, गावच्या शाळेत लहान मुलांना शिकवते आणि गाण्याचं मंडळ बसवते. लुसियाचा धाकटा तिच्याच वर्गात आहे, पण आमच्या घरी अजून येत नाही. शाळेतून परस्पर घरी जातो. लुसिया आता हसून बोलते, खोकल्याचं नाव काढत नाही. मीही काढत नाही.

सौमानी नाताळाला येतो. मागच्या खेपेला मोने शिवणयंत्रावर त्यानं आणलेला शर्ट कमरेत आवळून घेत होती आणि तो खांबाला टेकून तिच्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. नजर कशी आहे, ते काही केल्या ओळखता येईना.

"काय बघतेस, ताई?" त्यानं विचारलं.

"तू काय बघतोस, ते."

"टाका नीट बसतोय का, ते."

"मग ठीक आहे," मी म्हणाले, आणि बघत राहिले.